चाकांवरच्या घरातला शॉवर

बरेच वीकांत काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच: रिलीज, डेडलाइन आणि आळस. (क्रम उलटा वाचला तरी चालेल.) पण हा विषय गेल्या उन्हाळ्यापासून डोक्यात भुणभुणतोय, तेव्हा आज लिहूनच टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले. म्हटलं, त्यांना मोटेलांतून फिरवण्यापेक्षा एक आरव्ही भाड्याने घेऊ. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, शेगडी, फ्रिज, आणि कोपऱ्यात कपाटाएवढ्या जागेत संडास आणि न्हाणीघर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, फक्त इथला विंचू पेट्रोल फार पितो. आई पहिल्या दिवशी जाम खूष. "अरे, आमच्या लग्नानंतरच्या खोलीपेक्षा हे मोठं आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दक्षिण युटामध्ये आर्चेस नॅशनल पार्क बघितलं. ती दगडी कमानींची अफाट जागा आणि दिवसभर उडणारी तांबडी धूळ. संध्याकाळी मोआबजवळच्या कॅम्पग्राउंडला गाडी लावली, तिथल्या नळाला होज जोडला, विजेचा प्लग लावला. आई म्हणाली, केसांत पोतंभर माती गेलीय, आता मी नहायलाच बसते. दहा मिनिटांनी आतून हाक आली. शॅम्पू केसांना लावून झाला होता, आणि शॉवरमधून करंगळीएवढी धारही धड येत नव्हती.

"प्रेशर कमी आहे," अस्मादिकांनी तत्काळ निदान केलं. जालावर शोधलं. तिथे कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं, की होज आणि नळ यांच्यामध्ये जो पितळी प्रेशर रेग्युलेटर असतो तो काढून टाका, पाणी धो धो येईल. काढला. काहीही फरक पडला नाही! शेवटी आईने शेगडीवर पातेल्यात पाणी तापवलं आणि तांब्यातांब्याने केस धुतले. चार दिवसांच्या सहलीसाठी एवढे डॉलर मोजून आईला इथे आणली, आणि ती वाकून पातेल्यातलं पाणी डोक्यावर घेतेय हे बघताना मला फार ओशाळं वाटलं.

गोष्ट इथेच संपली नाही. रात्री दोनच्या सुमाराला "फस्स" असा आवाज आला. सिंकखालचा एक प्लास्टिकचा नट तडकला होता आणि पाणी गाडीभर पसरत होतं. मी अंधारात चष्मा शोधेपर्यंत बाबा स्लिपर घालून बाहेर गेले आणि त्यांनी नळ बंदही केला. मग आम्ही तिघांनी मिळून टॉवेलांनी फरशी कोरडी केली.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा लातूरकडे जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात होते. सगळी नोकरी टाक्या, व्हॉल्व्ह आणि गळत्या यांतच गेली. टॉवेल पिळता पिळता ते एवढंच म्हणाले, "प्रेशर कमी नव्हतंच रे. पाणी कमी येत होतं. दोन्हींत फरक असतो."

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर. फरक असतो हे कुठल्याशा पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण तो फरक रात्री दोन वाजता पायाखाली ओला लागला तेव्हा कळला. परत आल्यावर काही वीकांत याच विषयावर वाचण्यात घालवले. तर मंडळी, आजचा लेख त्याबद्दल: चाकांवरच्या घरात शॉवर आला कसा, आणि त्यात पाणी कमी का येतं.

सुरुवात दाबापासून करू. ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्यातली एक गोष्ट आजही पटायला जड जाते (ती सायमन स्टेविनने १५८६ मध्येच मांडली होती). पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते किती उंचावर आहे यावर ठरतो. बारीक नळीत शंभर फूट पाणी उभं केलं काय आणि अवाढव्य टाकीत शंभर फूट भरलं काय, तळाशी दाब तेवढाच. अमेरिकेत दाब पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड असा मोजतात. शंभर फूट पाण्याचा दाब साधारण ४३ पीएसआय होतो. आपल्या मापात, दर दहा मीटर उंचीला साधारण १४.

या हिशोबाने आपल्याकडचा नेहमीचा अनुभव तपासून बघा. अपार्टमेंटच्या गच्चीवर टाकी असते. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा शॉवर त्या टाकीच्या जेमतेम तीन मीटर खाली. म्हणजे दाब चारेक पीएसआय! म्हणून वरच्या मजल्यावरच्या लोकांचा शॉवर रडतो आणि तळमजल्यावरच्यांचा हसतो. पण त्याच वरच्या मजल्यावर खालच्या नळाची तोटी पूर्ण सोडली तर बादली बऱ्यापैकी भरते. दाब कमी, पण वाट मोठी, त्यामुळे पाणी पुरेसं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शॉवरचा इतिहासही या उंचीचाच इतिहास आहे. लंडनमधल्या विल्यम फीथम नावाच्या शेगड्या बनवणाऱ्या माणसाने १७६७ मध्ये शॉवरचं पेटंट घेतलं. त्यात हातपंपाने पाणी डोक्यावरच्या भांड्यात चढवायचं आणि साखळी ओढली की ते अंगावर पडायचं. पुढे १८१०च्या आसपास इंग्लंडमध्ये श्रीमंतांसाठी दहा-बारा फूट उंच शॉवर निघाले. खाली एक टाकी, वर एक टाकी. अंगावरून खाली आलेलं पाणी पुन्हा वर चढवून पुन्हा अंगावर! स्वच्छतेचं सोडा, पण एक गोष्ट बघा: पाण्याची स्वतःची टाकी, स्वतःचा पंप, आणि मोजकंच पाणी. दोनशे वर्षांपूर्वीची ही आरव्हीच म्हणायची, फक्त चाकं नव्हती.

शहरांनी हा प्रश्न उंचीनेच सोडवला. न्यूयॉर्कला १८४२ मध्ये क्रोटन नदीचं पाणी कालव्याने, नुसत्या उतारावर आलं. त्याची एक मोठी टाकी बेचाळिसाव्या रस्त्यावर होती, जिथे आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी आहे. पुढे इमारती पाच-सहा मजल्यांच्या वर गेल्या, तसं पाणी वर चढेना. मग गच्च्यांवर लाकडी टाक्या आल्या. त्या आजही दिसतात. लहान गावांनी उंच खांबांवर टाक्या बांधल्या. अमेरिकेत हायवेवरून जाताना गावाचं नाव लिहिलेली ती फुगीर टाकी दिसते ना, ती त्या गावचं प्रेशर असते.

पण दाब मिळाला म्हणजे पाणी मिळालं असं नाही. हे नीट दाखवणाऱ्यांत दोन माणसं महत्त्वाची. पहिला डॅनियल बर्नुली. त्याच्या १७३८ सालच्या 'हायड्रोडायनामिका'मध्ये थांबलेल्या पाण्याचा दाब आणि वाहत्या पाण्याचा दाब यांतला फरक आला. दुसरा माणूस मला जास्त आवडला, कारण तो सरकारी पाणीपुरवठ्यातला होता. बाबांच्या खात्यातलाच म्हणा ना.

आंरी दार्सी. जन्म १८०३, फ्रान्समधलं दिजाँ शहर. त्या काळी दिजाँचं पाणी घाणीसाठी प्रसिद्ध होतं. दार्सीने शहराबाहेरच्या झऱ्याचं पाणी जवळपास १३ किलोमीटरच्या बंदिस्त कालव्याने, एकही पंप न लावता, १८४० मध्ये शहरात आणलं. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पाणी पाइपमधून जाताना दाब नेमका कुठे हरवतो, हा प्रश्न त्याला सोडवायचा होता. त्याने वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या पदार्थांचे, नवे आणि जुने असे पाइप घेऊन शेकडो मोजमापं केली. ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाइप आतून किती खरखरीत आहे यावर पाणी किती अडेल हे ठरतं, हे त्यातून पक्कं झालं. आणि पाइप अरुंद झाला की नुकसान साधं नसतं. व्यास निम्मा केला तर पाणी निम्मं होत नाही, त्याच्याही कितीतरी खाली जातं.

दार्सीचं सगळ्यात गाजलेलं काम १८५६चं. पाणी गाळण्यासाठी वाळूचा थर वापरतात, त्यातून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम. भूजलाचा अभ्यास करणारे आजही तोच नियम वापरतात. बाबांना नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. मला ते नाव पहिल्यांदाच कळत होतं. असो.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रेशर आणि प्रवाह यांचं नातं पिंग आणि डाउनलोडसारखं आहे. पिंग लगेच परत आला म्हणजे लाइन जिवंत आहे एवढंच कळतं, सिनेमा उतरायला किती वेळ लागेल ते कळत नाही. नळ बंद असताना गेज ५० पीएसआय दाखवेल, मधे टाचणीएवढं भोक असलं तरी. कारण पाणी हलतच नाही, मग अडणार कशाने? नळ उघडा, मग खरं कळेल.

आता चाकांकडे वळू.

अमेरिकेतल्या पहिल्या आरव्हींमध्ये गणली जाणारी गाडी म्हणजे पिअर्स-ॲरो कंपनीची टूरिंग लँडो. ती १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात मांडली होती. मागची सीट उलगडून पलंग व्हायची, ड्रायव्हरच्या पाठीमागून एक छोटं बेसिन खाली यायचं आणि मालकाला ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन होता. शॉवर नव्हता. मग आली सामान्य माणसांची लाट. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना निघाली. फोर्डच्या गाड्यांना तंबू जोडून हिंडणारी ही मंडळी. एकमेकांची ओळख पटावी म्हणून गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा लावायची. त्यांचं पाणीही डब्यातूनच यायचं.

१९३६ मध्ये वॉली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीने 'क्लिपर' हा ॲल्युमिनिअमचा चकचकीत ट्रेलर काढला. चौघांची झोपायची सोय, विजेचे दिवे, आणि स्वतःचं पाणी बरोबर. किंमत १२०० डॉलर, महामंदीच्या काळात. पण पाणी बरोबर असणं वेगळं आणि ते डोक्यावर पडणं वेगळं.

कारण उंची! शहराने टाकी उंच बांधली, गाडीने कुठे बांधायची? आरव्हीच्या टपावर टाकी ठेवली तरी शॉवरच्या वर जेमतेम एक मीटर. दाब दीड पीएसआय. शिवाय शे-दीडशे किलो पाणी टपावर घेऊन वळणावळणाचे घाट उतरायचे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून टाकी खाली, पलंगाखाली वगैरे, आणि वर चढवायला हातपंप. सिंकपाशी एका हाताने दांडा हलवायचा, दुसऱ्या हाताने भांडं धुवायचं. शॉवरला हे जमणार नाही हे उघड आहे.

पुढची युक्ती हवेची. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अनेक ट्रेलरांमध्ये पाण्याच्या बंद टाकीत कॉम्प्रेसरने हवा भरायचे. हवा पाण्याला ढकलते, पाणी नळातून येतं. हे चालायचं, पण दाब सोसायला टाकी जाड धातूची आणि गोल हवी. एअरस्ट्रीमने १९५७ मध्ये 'इंटरनॅशनल' हा स्वयंपूर्ण ट्रेलर काढला. बाहेरच्या कुठल्याही जोडणीशिवाय दिवे, स्वयंपाक आणि गरम पाणी. चाकांवर गरम पाणी ही तेव्हा मोठी ऐट होती.

तरीही बहुतेक लोक आंघोळ बाहेरच करायचे. १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्ज गावी डेव्ह ड्रम नावाच्या माणसाच्या लक्षात आलं, की सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला जाणाऱ्या गाड्या आपल्या जमिनीजवळून जातात. त्याने नदीकाठी कॅम्पग्राउंड काढलं. रात्रीचे पावणेदोन डॉलर, त्यात शेकोटीची जागा आणि गरम पाण्याचा शॉवर. त्यातूनच पुढे केओए ही कॅम्पग्राउंडांची मोठी साखळी उभी राहिली. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, आयोवातल्या विनेबागो कंपनीने मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि ट्रेलर ओढायच्या ऐवजी घरच चालवायची पद्धत मध्यमवर्गात आली.

आतला शॉवर खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागला तो बारा व्होल्टच्या डायफ्रॅम पंपामुळे. हे यंत्र मला फारच आवडलं. एक छोटी मोटर गाडीच्या बॅटरीवर फिरते. तिच्या टोकाशी तिरकी तबकडी असते, ती फिरताना डुगडुगते आणि रबरी पडद्याला आळीपाळीने वेगवेगळ्या कप्प्यांत दाबते. प्रत्येक कप्प्याला आत येणारी एक झडप, बाहेर जाणारी एक. आणि पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच. नळ उघडला, दाब उतरला, पंप सुरू. नळ बंद केला, दाब ठरावीक आकड्यापर्यंत चढला (हल्लीच्या पंपांत ४० ते ५५ पीएसआयच्या दरम्यान), पंप बंद. टाकीला दाब सोसायचाच नाही, त्यामुळे ती पातळ प्लास्टिकची आणि हव्या त्या आकाराची, कोपऱ्यात कोंबता येण्यासारखी झाली. साधा पंप मिनिटाला तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरच्या आसपास पाणी देतो. तेही वाट मोकळी असेल तर.

म्हणजे आजच्या आरव्हीला पाणी दोन वाटांनी येतं. एक स्वतःची टाकी आणि पंप. दुसरी कॅम्पग्राउंडचा नळ, होज, आणि गाडीच्या बाजूला असलेलं तोंड. दोन्ही वाटा आत जाऊन एकाच पाइपला मिळतात. मी दुसरी वाट वापरत होतो.

मग तो रेग्युलेटर कशाला? त्याचाही इतिहास आहे, आणि तो महागडा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत घरांत आणि आरव्हींमध्येही पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे करडे पाइप बसवायची लाट आली. स्वस्त, लवचिक, बसवायला सोपे. पण पाण्यातल्या क्लोरिनने ते आणि त्यांचे सांधे आतून ठिसूळ होत गेले, आणि बाहेरून काही दिसायचं नाही. एके दिवशी भिंतीतून पाणी. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९५ मध्ये कंपन्यांनी ९५ कोटी डॉलरचा निधी देऊन तडजोड केली. पाइपची ती जात बंद झाली. तिच्या जागी आलेला पेक्स पाइप कितीतरी चांगला आहे, पण आरव्हीमधले सांधे, नट आणि नळ अजूनही हलके, प्लास्टिकचे असतात, आणि वर रस्त्यावरचे हादरे. म्हणून बाहेरचा दाब ४०-५० पीएसआयला रोखणारा रेग्युलेटर. आमचा नट पेक्सचा पाइप नव्हे, त्याच्या टोकाचा प्लास्टिकचा सांधा होता.

आणि आता रात्री दोनचा उलगडा. संध्याकाळी सगळं कॅम्पग्राउंड आंघोळी करत होतं, म्हणून लाइनमधला दाब उतरलेला. रात्री सगळे झोपले, नळ बंद, दाब चढत गेला. रेग्युलेटर मी काढलेला. पाण्याची वाट जिथे कुठे तुंबली होती तिथे ती तुंबलेलीच होती, पण पाणी हलत नसेल तर तुंबलेली वाट दाब अडवत नाही! बर्नुली आणि दार्सी दोघांनी मिळून माझी शिकवणी घेतली. मला पाणी वाढवायचं होतं. मी वाढवला फक्त दाब.

या घोटाळ्यात मी एकटा नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. सगळा अमेरिका देश तीसेक वर्षं याच घोटाळ्यात आहे. १९९२ मध्ये थोरल्या बुशसाहेबांनी एनर्जी पॉलिसी ॲक्टवर सही केली. त्यानुसार १९९४ पासून शॉवरहेडमधून मिनिटाला अडीच गॅलनपेक्षा (साडेनऊ लिटर) जास्त पाणी जाता कामा नये, ८० पीएसआय दाबाला मोजून. नीट बघा, कायद्याने दाब नाही, प्रवाह बांधला. दाब फक्त मोजायची अट म्हणून आहे. पण लोक म्हणायला लागले, "सरकारने प्रेशर कमी केलं." १९९६ मध्ये 'साइनफेल्ड' मालिकेचा एक अख्खा भाग यावर निघाला. इमारतीतले शॉवरहेड बदलतात आणि क्रेमर काळ्या बाजारातून चक्क हत्तींना अंघोळ घालायचा शॉवर विकत घेतो. :-)

पुढे हा राजकारणाचा विषय झाला. एका शॉवरला अनेक तोंडं असली तर मर्यादा प्रत्येक तोंडाला की सगळ्यांना मिळून? २०२० च्या डिसेंबरात ट्रम्प सरकारने व्याख्या सैल केली, २०२१ च्या डिसेंबरात बायडन सरकारने पुन्हा आवळली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पनी ती आवळलेली व्याख्या रद्द करण्याचा आदेश काढला. त्या आदेशाच्या शीर्षकातही शॉवरमधल्या पाण्याच्या 'दाबा'चाच उल्लेख आहे, प्रवाहाचा नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले.

पण आरव्हीत हा वाद तसा फिजूलच. आमच्या गाडीची पाण्याची टाकी होती ४० गॅलनची, म्हणजे १५० लिटर. अडीच गॅलनच्या हिशोबाने शॉवर सोडला तर सोळा मिनिटांत टाकी रिकामी! गरम पाण्याची टाकी फक्त सहा गॅलन. आणि वापरलेलं पाणी साठवायची टाकी भरली की ते पायापाशी परत येतं. म्हणून जुनेजाणते आरव्हीवाले नौदलाच्या पद्धतीची आंघोळ करतात: अर्धा मिनिट भिजायचं, पाणी बंद, साबण लावायचा, मग एक मिनिट धुवायचं.

आता सकाळची गोष्ट. मी फोनवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघत बसलो होतो. बाबा म्हणाले, "तो फोन ठेव. एक लिटरची बाटली आण, आणि घड्याळ धर." तडकलेला नट गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणून बदलला, रेग्युलेटर परत बसवला. मग सिंकच्या नळाखाली बाटली. कॅम्पग्राउंडच्या पाण्यावर ती भरायला ४० सेकंद लागली. मग बाहेरचा नळ बंद केला, पंप चालू केला आणि टाकीच्या पाण्यावर तीच बाटली तोच नळ: ९ सेकंद. "म्हणजे आतले पाइप ठीक आहेत," बाबा म्हणाले. मग गाडीपासून होज सोडवून थेट होजखाली बाटली धरली: ४ सेकंद. "बाहेरचंही ठीक. आणि रेग्युलेटरही ठीक, तो मधेच होता. आता मधे काय राहिलं?"

मधे राहिलं होतं गाडीच्या बाजूचं ते तोंड, जिथे होज जोडतात. त्यात पावलीएवढी एक जाळी असते. टोकदार चिमट्याने ती बाहेर काढली. बारीक वाळू आणि क्षार यांनी ती अशी लिंपली होती, की उजेडाकडे धरली तरी आरपार दिसेना. दार्सीचा वाळूचा थर, पावलीएवढा! ब्रशने धुतली, परत बसवली. बाटली ८ सेकंदांत. शॉवरचं डोकंही काढून त्याची भोकं तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून मोकळी केली. एवढंच. खर्च एक नट आणि व्हिनेगरची बाटली. (आणि कबुलीजबाब दिल्यावर डिपॉझिटमधून ओल्या फळीचे पैसे कापले गेले ते वेगळे. चूक माझीच होती.)

तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम हाच ठेवा. आधी बाटली आणि घड्याळ, दोन्ही वाटांवर. नळावर कमी आणि पंपावर ठीक, तर होज, रेग्युलेटर, जाळी. पंपावर कमी आणि नळावर ठीक, तर पंपाच्या तोंडचा गाळणा, बॅटरी, मग पंप. दोन्हीकडे कमी पण सिंकला ठीक, तर शॉवरचं डोकं आणि त्याचा लवचिक पाइप. फक्त गरम पाणी कमी, तर हीटरचे व्हॉल्व्ह. आणि रेग्युलेटरला हात लावायचा नाही. तो फारच अरुंद असेल तर मोठ्या वाटेचा, गेजवाला आणा, पण काढून फेकू नका.

संध्याकाळी आई पुन्हा नहायला गेली. या वेळी शॉवरचा आवाज बाहेर ऐकू येत होता. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तीनेक मिनिटं झाली तसे त्यांनी घड्याळ बघितलं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलवर शॉवर सोडून मोबाईलवर त्याच बातम्या बघत होतो. बाबा तेव्हा रोज टँकरच्या खेपा मोजत होते. घरी येऊन एका बादलीत आंघोळ करायचे, कधी अर्ध्या. हे मला आईने नंतर सांगितलं.

तर मला वाटलं, आता ते आईला पाणी बंद करायला सांगणार. मी म्हणणारच होतो, "बाबा, असू दे, टाकीचं नाही, नळाचं आहे." पण ते काही बोलले नाहीत. घड्याळ सारखं केलं आणि म्हणाले, "मिनिटाला सात लिटर तरी येत असेल. चांगलं येतंय."

मग आई बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

असो. चूभूद्याघ्या.